कॉर्सेटची ओढ कशावर पडते?

वाचकाचं पत्र

"मी इचलकरंजीत चौदा वर्षं ब्लाउज शिवते. कटोरी, प्रिन्सेस कट, पॅडेड, सगळं येतं. गेल्या वर्षी पुण्याच्या एका नाटकमंडळीने इंग्रजी नाटकासाठी माझ्याकडून कंबर आवळणारी चार कॉर्सेट करून घेतली. बाहेरून सॅटिन, मध्ये बक्रम, आतून रुबियाचं अस्तर आणि गाउनमध्ये घालतात ते प्लास्टिकचे बोन, म्हणजे ताठ पट्ट्या. पाठीला पंचने भोकं पाडून नाडी ओवायची धातूची आयलेट ठोकली. तिसऱ्या प्रयोगाला एकाची आयलेट कापडासकट उपटली, दुसऱ्याच्या बोनची टोकं वरच्या गोटातून बाहेर आली. चारहींना कमरेशी आडव्या सुरकुत्या होत्या. शिवाय कागद तीनदा मोजूनही प्रत्येक कॉर्सेट अडीच-तीन सेंटिमीटर लहान झालं. आता दोन नव्या चौकश्या आल्या आहेत. एकीला १८८० च्या सुमाराचं कॉर्सेट हवंय, दुसरीला अठराव्या शतकातला पूर्ण पोशाख. एकच पॅटर्न दोन्हीकडे चालेल का? किंमत किती सांगू? आणि परदेशात विकता येईल का?"
— र., इचलकरंजी

र. ताई,

माप का चुकलं, हे आधी सांगतो, कारण त्याचा हिशेब अगदी सरळ आहे. एका बाजूला सहा कळ्या (कापडाचे उभे तुकडे), म्हणजे पाच शिवणी. दोन्ही बाजू मिळून दहा. टीप ठरल्या रेघेच्या फक्त दीड मिलिमीटर आत पडली, तर दोन्ही कळ्यांतून दीड-दीड, म्हणजे शिवणीमागे तीन मिलिमीटर कापड मायेत (शिवणीच्या आत सोडलेल्या जास्तीच्या कापडात) जातं. दहा शिवणींचे झाले तीन सेंटिमीटर. ब्लाउजला शिवणी कमी आणि लूज भरपूर, त्यामुळे तिथे ही चूक पचून जाते. कॉर्सेटमध्ये लूज उणे असतो, म्हणजे ते अंगापेक्षा लहानच असतं, तिथे ती लगेच उघडी पडते.

म्हणून दाबपट्टीच्या कडेवर नजर ठेवून शिवायची सवय इथे सोडा. माया सगळीकडे बरोबर दीड सेंटिमीटर ठेवा आणि शिवायची रेघ कापडावर खडूने किंवा पेन्सिलीने प्रत्यक्ष आखा. प्रत्येक कळीवर कमरेची खूण करा. दोन कळ्यांच्या खुणा जुळवून आधी तिथेच टाचणी लावा, मग कमरेपासून वर एकदा आणि खाली एकदा अशी टीप मारा. वरून सुरुवात करून खाली गेलात की खालचं कापड पुढे सरकतं आणि शेवटी दोन-तीन मिलिमीटरचा फरक उरतो. तो ओढून जुळवला की ती शिवण पिळते आणि तिरक्या सुरकुत्या पडतात. दर दोन शिवणींनंतर काम सपाट पसरून कमरेवर मोजा. शेवटी मोजून उपयोग नाही.

बाकीच्या तीन तक्रारींचं मूळ एकच आहे. नाडी आवळली की कमरेभोवती कायमची ओढ बसते. बाई खुर्चीत बसली, वाकली, गायला लागली की ती वाढते. ही ओढ कोण सोसणार, हे कापडाला कात्री लावण्याआधी ठरवावं लागतं. सोसायची तयारी असलेले चार जण आहेत: न ताणणारं कापड, कमरेची आतली टेप, पाठीचे स्टीलचे बोन आणि नीट बसलेली आयलेट. तुमच्या चारही कॉर्सेटांमध्ये हे काम सॅटिन, रुबिया आणि शिलाईच्या दोऱ्यावर आलं. बक्रम कडक असतो म्हणून तो मजबूत वाटतो, पण घामाने मऊ पडला की त्याच्यात काही उरत नाही.

युरोपात यासाठी कूटिल नावाचं कापड वापरतात. आपल्या कानाला नाव भलतंच वाटतं, कापड मात्र अगदी सरळमार्गी आहे: घट्ट विणीचं, माशाच्या काट्यासारखी नक्षी असलेलं सुती कापड, जे कुठल्याच बाजूला सहज ताणत नाही. बाहेरून मागवलं तर महाग पडतं, आणि सुरुवातीला त्याची गरजही नाही. तुम्ही यंत्रमागाच्या गावात राहता. २५० ते ३०० जीएसएमचं (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचं) सुती ड्रिल किंवा घट्ट विणीचा गादीपाट बघा. स्ट्रेच धागा मिसळलेलं ड्रिल मात्र हातात घेऊ नका. दुकानातच कापडावर वीस सेंटिमीटर अंतराच्या दोन खुणा करा आणि दोन्ही हातांनी जोर लावून ओढा. उभ्या आणि आडव्या, दोन्ही धाग्यांवर हे करून बघा. तीन-चार मिलिमीटरच्या वर वाढलं तर ठेवून द्या. घेतलेलं कापड रात्रभर गरम पाण्यात भिजवून, वाळवून, कडक इस्त्री करूनच बेता. कमरेची रेघ प्रत्येक कळीत आडव्या धाग्यावर यायला हवी. कापड वाचवण्यासाठी एखादी कळी तिरकी टाकलीत तर ती उरेब होते, आणि उरेब कापड ताणतंच.

सॅटिन हवं असेल तर ते फक्त दर्शनी घ्या. प्रत्येक कळीसाठी सॅटिन आणि ड्रिल वेगवेगळं कापा, सॅटिनला रुंदीत दीड-दोन मिलिमीटर जास्त ठेवा, दोन्ही एकमेकांवर ठेवून हाताच्या गोलाईवर वाकवा आणि त्या अवस्थेत कडेने कच्चा टाका घाला. मग ते एकच कापड समजून शिवा. बाहेरच्या थराला वळणावर जास्त वाट चालावी लागते. दोन्ही सारख्या मापाचे ठेवले की आतलं कापड दुमडतं किंवा बाहेरचं ताणून चकाकतं. जुन्या पैठणीच्या काठाचं कॉर्सेट करून द्या, अशी मागणीही तुमच्याकडे येईलच. त्यालाही हाच नियम. जरीची तार ओढीवर ठेवली की तुटते, म्हणून काठ फक्त वर दिसायला आणि सगळा भार खालच्या ड्रिलवर.

आता मापांकडे येऊ. समजा छाती ९२, कंबर ७४, कमरेखाली दहा सेंटिमीटरवरचा घेर ९६. पाठीला नाडीची फट पाच सेंटिमीटर धरायची. पहिल्याच कॉर्सेटमध्ये आवळ पाच-सहा सेंटिमीटरच्या वर नको, आणि रंगमंचावर हालचाल करणाऱ्यांना तर नकोच. मग शिवलेल्या कॉर्सेटची कंबर ७४ उणे ६ उणे ५, म्हणजे ६३. छातीला आवळायचं नाही, नुसती फट वजा करायची: ८७. खालच्या घेरातूनही फट वजा करायची, पण कमरेतून दाबलेलं अंग कुठेतरी जाणारच, म्हणून दोन सेंटिमीटर परत द्यायचे: ९६ उणे ५ अधिक २, म्हणजे ९३. कंबर आणि छाती यांच्यातला २४ सेंटिमीटरचा फरक सगळ्या शिवणींत सारखा वाटू नका. समोरची आणि पाठीची कळी जवळजवळ सरळ ठेवा आणि घट मधल्या कळ्यांत, जास्त करून कुशीच्या बाजूला, घ्या.

एक माप आपल्याकडे कुणी घेत नाही, ते जरूर घ्या. गिऱ्हाइकाला सपाट खुर्चीवर बसवून कमरेपासून मांडीपर्यंतचं समोरचं अंतर मोजा. कॉर्सेटची समोरची खालची कड त्याच्या दोन सेंटिमीटर वर थांबायला हवी. नाहीतर बसल्याबरोबर ते वर सरकतं आणि कमरेशी आडवी घडी पडते. तुमच्या सुरकुत्यांचं हे एक कारण असू शकतं. दुसरं कारण म्हणजे कॉर्सेटची सर्वांत बारीक जागा आणि बाईची कंबर एका पातळीवर नसणं. तिसरं म्हणजे कमरेला टेप नसणं.

ही टेप म्हणजे दोन सेंटिमीटर रुंदीची, तिरक्या विणीची घट्ट सुती पट्टी. ६३ च्या कॉर्सेटला प्रत्येक बाजूला साडेएकतीस सेंटिमीटरची एक, अशा दोन. समोरचं टोक बस्कच्या (समोर कड्या-खुंट्यांनी उघडणाऱ्या धातूच्या जोडपट्टीच्या) शिवणीत अडकवायचं, मागचं पाठीच्या बोनखाली. मधल्या प्रत्येक शिवणीवर ती बोनच्या नळीखाली दाबून शिवायची. कापड पुढे थोडं सैल झालं तरी टेप सैल होत नाही, आणि कमरेचं माप तिच्यावर टिकतं. खर्च किरकोळ आहे, आणि नेमका म्हणूनच तो गाळला जातो.

बोनचं गणित नीट समजून घ्या, कारण सर्वांत जास्त पैसा इथे वाया जातो. स्टीलचे बोन दोन तऱ्हेचे. फ्लॅट बोन फक्त पुढे-मागे वाकतो. स्पायरल बोन, म्हणजे तारेची चपटी गुंडाळी, चारही बाजूंनी वाकतो. पाठीला आयलेटच्या दोन्ही अंगांना फ्लॅट, म्हणजे चार. बाकी दहा शिवणींवर सात मिलिमीटरचे स्पायरल. एकूण चौदा. नळीची आतली रुंदी नऊ मिलिमीटर ठेवा. दहा-अकरा केलीत तर बोन आत आडवा फिरतो आणि पाठीचे फ्लॅट पिळले जातात. शिवण उघडून इस्त्री करा, आतून दीड सेंटिमीटरची सुती टेप शिवणीच्या मधोमध ठेवून नऊ मिलिमीटर अंतराच्या दोन टिपा मारा. टाका दोन ते अडीच मिलिमीटरचा, सुई नव्वद किंवा शंभर नंबरची. सोळा नंबर म्हणून मिळते तीच शंभर.

बोन वरून बाहेर का आले? एक म्हणजे तुम्ही ते नळीच्या पूर्ण लांबीइतके कापले. दुसरं म्हणजे ते प्लास्टिक अंगाच्या उबेने वाकतं आणि कमरेशी कायमचं दुमडतं, मग टोकं वर सरकतात. बोन तयार नळीपेक्षा बारा मिलिमीटर आखूड हवा, दोन्ही टोकांना सहा-सहा. फ्लॅट बोन बोल्ट कटरने कापा, टोक कानसने गोल करा आणि नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेप पाच-सहा वेढे घट्ट गुंडाळा. स्पायरल साध्या कटरने कापला जातो, पण टोकावर धातूची टोपी पकडीने दाबून बसवावीच लागते. ती नसली की तार सुईसारखी कापडात शिरते. गोट लावण्याआधी नळीच्या वर आडवी टीप मारून बोनला दार लावून टाका. आणि शेवटी प्रत्येक टोकाशी रेशमी दोऱ्याचे पाच-सात लांब टाके पंख्यासारखे घाला. जुन्या कॉर्सेटांवर हे भरतकाम सर्रास दिसतं. ते दिसायला छान असतंच, पण त्याचं खरं काम बोनला जागेवर धरून ठेवणं.

आयलेटबद्दल. पंचने भोक पाडलं की धागे तुटतात आणि आयलेट तुटक्या धाग्यांच्या कडेवर लटकते. त्याऐवजी टोच्याने धागे बाजूला सारत भोक हळूहळू मोठं करा. आयलेटची नळी जोर लावूनच आत जायला हवी. खाली ड्रिलचे दोन थर आणि मध्ये कॅनव्हासची एक पट्टी. पाच मिलिमीटरची, वॉशरसकट दोन तुकड्यांचीच आयलेट घ्या. चपलेच्या सामानात बिनवॉशरची मिळते, तिची मागची बाजू फुटून पाकळ्या होतात आणि त्या नाडी कापतात. फ्लेक्सच्या बॅनरला लावतात ती फारच मोठी. लोहचुंबक बरोबर न्या. चिकटला तर वरच्या चकाकीखाली लोखंड आहे, आणि आपल्या पावसाळ्यात ते कापडावर गंजाचे डाग पाडणारच. पितळेच्या आयलेटला चुंबक चिकटत नाही. ठोकताना खाली दगड किंवा लोखंडी ठोकळा ठेवा. लाकडावर ठोकलं की अर्धा मार लाकूड खातं. अंतर अडीच सेंटिमीटर, कमरेशी मात्र दीड. कमरेच्या दोन जोड्यांमधून नाडीचे दोन फास बाहेर काढतात, ओढ तिथून घेतात. प्रत्येक बाजूला बारा आयलेट असतील तर सहा मीटर नाडी पुरते.

समोर उघडणारा बस्क बसवताना घाई नको. घालणाऱ्या बाईच्या उजव्या हाताला कड्या, डाव्या हाताला खुंट्या. बाजारातल्या बहुतेक बस्कमध्ये खालच्या दोन कड्या जवळजवळ असतात. ते टोक वर गेलं की सगळं उसवावं लागतं, म्हणून शिवायच्या आधी एकदा बघाच. कड्यांच्या बाजूची शिवण कड्यांपुरती जागा सोडून मारायची, खुंट्यांची भोकं पुन्हा टोच्यानेच.

खऱ्या कापडाला हात लावण्याआधी मांजरपाटाचं कच्चं कॉर्सेट करायलाच हवं. पाठीसाठी आयलेट लावलेल्या दोन ड्रिलच्या पट्ट्या एकदाच करून ठेवा आणि प्रत्येक कच्च्या कॉर्सेटला तात्पुरत्या शिवा. बोन म्हणून नऊ मिलिमीटरचे जाड केबल टाय चिकटपट्टीने लावले तरी चालतं. वीस मिनिटं घालून बसायला, हात वर करायला, जिना चढायला सांगा. मग पाठीची फट वाचा. दोन्ही कडा समांतर असतील तर पॅटर्न जमला. वर रुंद आणि खाली अरुंद असेल तर छाती कमी पडतेय किंवा खालचा घेर जास्त झालाय. कमरेशी अरुंद आणि वर-खाली रुंद असेल तर छाती आणि खालचा घेर दोन्ही वाढवा, कमरेला हात लावू नका. कमरेशीच रुंद राहत असेल तर आवळ जास्त मागितलीय किंवा पाठीचे बोन नरम आहेत. बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला हे कच्चं कॉर्सेट कुरिअरने पाठवा आणि समोरून, बाजूने, पाठीमागून असे तीन फोटो मागवा. त्याचे पैसे वेगळे घ्या. ज्याला ते नको असेल त्याचं काम सोडलेलं बरं.

आता तुमच्या दोन चौकश्या. एक पॅटर्न दोन्हीकडे चालणार नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं, कारण ऐतिहासिक पोशाख विकत घेणारी माणसं नेमकं हेच बघतात. १८८० च्या सुमाराचं कॉर्सेट कमरेत वळतं, समोर बस्कने उघडतं, पाठीला धातूची आयलेट असतात आणि खालचा भाग पोटावरून लांब उतरतो. समोरचा बस्क बरेचदा चमच्यासारखा खाली रुंद आणि आत वळलेला असतो. ही तऱ्हा १८७० च्या दशकात आली. अठराव्या शतकातलं 'स्टेज' (इंग्रजीत stays, रंगमंच नव्हे) ही वस्तूच वेगळी. ते कमरेत वळत नाही, छातीकडून कमरेकडे सरळ निमुळतं होतं. खांद्यावर पट्टे असतात, कमरेखाली कापडाला चिरा देऊन केलेल्या शेपट्या असतात, त्या खालच्या घेरावर पसरतात. समोर बस्कच्या कड्या नाहीत, धातूची आयलेट नाहीत. धातूची आयलेट १८२० च्या दशकात आली, कड्यांचा बस्क एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रुळला. १७८० च्या स्टेजला पितळी आयलेट दिसली की जाणकार पुढे बघतच नाहीत.

तिथे हाताने केलेली भोकं लागतात. टोच्याने भोक, मग मेण लावलेल्या लिननच्या दोऱ्याने कडेभोवती दाट टाके. नाडी एकच, एका बाजूने वर चढत जाणारी, म्हणून दोन्ही बाजूंची भोकं समोरासमोर न घेता अर्ध्या अंतराने वर-खाली घ्यावी लागतात. एका भोकाला सराव झाल्यावरही सहा-आठ मिनिटं. चोवीस भोकं म्हणजे जवळजवळ तीन तास, आणि तेही किमतीत धरायचे. कापड लिननचे दोन-तीन थर, बोन मात्र पाच-सहा मिलिमीटरचे आणि खूप, कधीकधी सगळ्या कळ्या नळ्यांनीच भरलेल्या. त्या काळी यात व्हेलबोन घालत. नाव बोन असलं तरी ते हाड नव्हे. देवमाशाच्या जबड्यातल्या, पाणी गाळणाऱ्या पट्ट्या त्या, आपल्या नखांच्याच द्रव्याच्या. जुन्या व्हेलबोनच्या नादी लागू नका. देवमाशाच्या अवयवांच्या खरेदी-विक्रीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. त्याऐवजी कृत्रिम व्हेलबोन म्हणून जर्मन प्लास्टिक मिळतं, ते कात्रीने कापता येतं आणि गाउनच्या बोनसारखं नरम नसतं.

या स्टेजच्या वरून घालायच्या गाउनसाठी कापड शोधताना लांब जायची गरज नाही. सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपच्या बायका आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावरच्या, मच्छलीपट्टणच्या भागातल्या रंगवलेल्या सुती कापडासाठी इतक्या वेड्या झाल्या होत्या, की आपापल्या देशातल्या विणकरांना सांभाळण्यासाठी फ्रान्सने १६८६ ते १७५९ आणि इंग्लंडने १७२१ ते १७७४ त्याच्यावर बंदी घातली. इंग्रजीतला 'चिंट्झ' हा आपल्या चिटाचाच भाऊ. १७७० किंवा १७८० च्या दशकातल्या गाउनला पांढऱ्या जमिनीवरचं, नागमोडी वेलींचं आणि मोठ्या फुलांचं हातछपाईचं सुती कापड अगदी शोभून दिसतं. हत्ती, मोर, मंडल असलेलं मात्र नको, ते आजच्या चादरीसारखं वाटतं. ११२ सेंटिमीटर पन्ह्याचं साडेपाच ते सहा मीटर धरा. खालचे परकर वेगळे.

माझ्या मते मात्र दुसरी चौकशी सध्या विनम्रपणे पुढे ढकला आणि १८८० च्या कॉर्सेटवर एक वर्ष घालवा. कारण व्यवहाराचं आहे. सिंगरच्या यंत्राचं पेटंट १८५१ चं. १८८० च्या दशकात कॉर्सेट कारखान्यात मशीनवरच शिवली जात, त्यामुळे तुमची मशीनची टीप तिथे अस्सल ठरते. अठराव्या शतकाच्या पोशाखाला दिसणारी प्रत्येक टीप हाताची हवी, नाहीतर 'ऐतिहासिक' म्हणून विकू नये. एक काळ, एक पॅटर्न, सहा साईझ, दोन लांब्या. काळं, तपकिरी, लाल आणि हस्तिदंती रंग पुरेत. त्या दशकात रंगीत कॉर्सेट भरपूर चालत. जरा स्वस्त माल हवा असेल तर समोरच्या भागात बोनऐवजी समांतर नळ्यांत सुती दोरी भरलेलं कॉर्सेट करा. इंग्लंडच्या मार्केट हार्बरोमधल्या सिमिंग्टन कारखान्याने मोलकरणींसाठी असंच दोरीचं 'प्रिटी हाउसमेड' काढलं होतं. वाकून काम करणाऱ्या बाईचे बोन मोडत, दोरी मोडत नाही. नमुन्यांचे फोटो बघायला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन या संग्रहालयांची संकेतस्थळं उघडा. आतली बाजू आणि पाठ दाखवणारे फोटो शोधा, समोरून सगळीच सारखी दिसतात.

किंमत. साहित्य आणि तास एका वहीत पंधरा दिवस लिहा, अंदाजाने नको. समजा साहित्य २,४०० रुपये, काम २२ तास, तुमचा तासाचा दर १५० रुपये, म्हणजे ३,३००. बेरीज ५,७००. कच्चं कॉर्सेट, वाया गेलेलं कापड आणि दुरुस्त्या यांसाठी १५ टक्के, म्हणजे ८५५. झाले ६,५५५. विक्रीच्या संकेतस्थळाचं कमिशन आणि पैसे वळवण्याचा खर्च मिळून १३ टक्के धरले, तर ६,५५५ ला ०.८७ ने भागायचं: साडेसात हजार. त्यात १३ टक्के मिळवायचे नाहीत, भागायचं, नाहीतर कमिशन तुमच्या मजुरीतून जातं. कुरिअर वेगळं. लग्नसराईतल्या 'कॉर्सेट ब्लाउज'शी भावाची तुलना होईल. त्यात चेन आणि प्लास्टिकचे बोन असतात आणि कंबर आवळण्याचं काम ते करतच नाहीत. विक्रीच्या मजकुरात स्टीलच्या बोनची संख्या, आयलेटचा धातू, कापड, आणि बंद असतानाची कंबर सेंटिमीटरमध्ये लिहा. पोट कमी होतं, कंबर कायमची बारीक होते, असले दावे चुकूनही नकोत.

परदेशात विकण्यासाठी आयात-निर्यात कोड लागतो. तो परकीय व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पॅन आणि बँक खात्यावर मिळतो, शुल्क पाचशे रुपये. कॉर्सेटचं सीमाशुल्क शीर्षक ६२१२. अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची शुल्कमाफी काढून टाकली आहे, त्यामुळे तिथलं शुल्क कोण भरणार हे ऑर्डर घेतानाच लेखी ठरवा. युरोपीय संघात कपड्यावर धाग्यांचं प्रमाण लिहिलेलं लेबल लागतं, '१०० टक्के सुती' वगैरे, म्हणून ड्रिल विकत घेताना दुकानदाराकडून नीट विचारून घ्या.

पार्सलमध्ये एक चिठ्ठी घाला. बस्क उघडण्याआधी नाडी सैल करायची, आवळलेल्या नाडीवर कडी ओढली तर ती वाकते किंवा कापड फाडते. आत सुती शमीज घालायची, कॉर्सेट धुवायचं नाही, घातल्यावर रात्रभर वाऱ्याला टांगायचं. पहिल्या दोन-तीन वेळा दोन तास, सैलसर.

राहिली नाटकमंडळींची दोन बिघडलेली. ती फुकट दुरुस्त करून द्या. आयलेट उपटलेल्याची पाठीची कळी दोन्ही बाजूंनी शिवणीपासून काढून ड्रिलच्या दोन थरांची नवी लावा, चार फ्लॅट बोन आणि पितळेची आयलेट घाला. दुसऱ्याचा वरचा गोट उसवा, प्लास्टिक ओढून काढा, फाटलेल्या नळ्यांवर आतून टेप शिवून बारा मिलिमीटर आखूड स्पायरल घाला. दोन्हींना कमरेची टेप आतून हाताने, प्रत्येक शिवणीवर चार-चार टाक्यांनी धरा. सुरकुत्या पूर्ण जाणार नाहीत, बक्रम आत आहे तोवर नाहीतच. पण पुढच्या प्रयोगांना आयलेट उपटणार नाहीत. बाकीची दोन अजून परत आली नसतील तर फोन करून मागवून घ्या, त्यांचीही आयलेट तशाच भोकांत बसलेली आहेत.